तिरप्या नजरेचा धूमकेतू

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी बीदरच्या जुन्या बाजारातून पितळी दुर्बीण आणली. संतपूरच्या उर्दू शाळेतली मास्तरकी, घरात पोरांचा गलका, आणि त्यात हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी तोंडावर म्हटलं. ते हसले नाहीत.

दिवेलागणीनंतर ते दुर्बीण घेऊन माळवदावर चढत. एका संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. पश्चिमेला दोन ताऱ्यांजवळ, नकाशात नसलेला एक डाग त्यांना क्षणभर दिसला होता आणि हरवला होता. मी डोळा लावला. काहीच नव्हतं.

"थेट कामून बघायलीस? जरा बाजूला बघ."

हे मला शिकवायची गरज नव्हती. सासऱ्यांसमोर मान न वळवता, पदराआडून, कोण आलं आणि कुणाच्या ताटातली भाकरी संपली हे बघण्यात माझी उमर गेली होती. मी शेजारच्या ताऱ्याकडे पाहिलं आणि कडेला तो आला. आरशावर श्वास सोडल्यावर उरतो तसा डाग, शेपूट नाही की काही नाही.

"हाय," मी म्हटलं.

पुढच्या काही संध्याकाळी मी बघून सांगत गेले, ते कागदावर रोज एक चौकोन आखून त्यात तारे आणि डाग काढत गेले. डाग सरकत होता, म्हणजे धूमकेतूच. तो आपल्या नावावर लागावा, ही एकच इच्छा त्यांनी मला आयुष्यात बोलून दाखवली. गल्लीत मात्र थट्टा चालायची. "मास्तर, शेपूट कुठं ठेवलं?"

चित्रं हैदराबाद शहरातल्या वेधशाळेला गेली. उत्तर आलं, दाखवलेल्या बाजूला शोधलं, काही आढळलं नाही. ह्यांनी आपल्याजवळची नक्कल काढली आणि कपाळाला हात लावला. जन्मभर उर्दू लिहिलेला माणूस. पहिला चौकोन उजवीकडे काढलेला, शेवटचा डावीकडे, आणि आकडे घालायचं सुचलंच नव्हतं. तिकडं ते डावीकडून वाचलं गेलं आणि धूमकेतू उलटा चालू लागला. दुरुस्त करून पाठवलं तोवर चांदणं चढलं, डाग विझला. पुढं कळलं की परदेशात कुणाला तरी तो सापडला, त्याचंच नाव लागलं, आणि सहा-साडेसहा वर्षांनी तो परत येतो. मला भयंकर राग आला, तो अजून गेलेला नाही. ते एवढंच म्हणाले, "येऊ दे परत."

छप्पन्नात हैदराबाद राज्य मोडलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो आला. तोवर शाळेची भाषा बदलली होती आणि ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावला, मग सरकून मला जागा दिली.

मी तिरपं बघितलं.

"हाय."

"खरंच?"

"व्हय."

त्यांनी चाचपत कागद आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. मी कागद मांडीवर धरला.

"डावीकडून काढ," ते म्हणाले.