मागून येणारी करकर

"कलम न्हाय, पण पाय हायत की!" असं म्हणत वकीलबाई खुर्चीतून उठायच्या. आधी एक गुडघा चोळायच्या, मग दुसरा. काळ्या कोटाखाली पुरुषी घाटाची, कापशी गावची कोल्हापुरी चप्पल. ती इतकी करकरायची, की बाई जिन्यात आहेत का आवारात, ते पक्षकाराला बसल्या जागी कळायचं. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या कोर्टात हेलपाटे घातले असतील, तर तुम्हीही ती ऐकली असेल.

मी तेव्हा उचगावहून बसनं कॉलेजला यायची. एक जण रोज थांब्यापासून फाटकापर्यंत मागून चालायचा. बोलायचा नाही, खुणा नाहीत, काही नाही. नुसता मागून. वडील म्हणाले, "हे मिटंना तर कॉलेज बंद." आमच्या घरात बारावीपुढं गेलेली मी पहिली.

चौकीत हवालदारांनी विचारलं, "अंगाला हात लावला का? न्हाय? मग कुठलं कलम लावू, ताई?" तरी माणूस बरा. त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. त्याला बोलावून माझ्या हातनं राखी बांधून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो उजळ माथ्यानं मागं. कुणी हटकलं की मनगट दाखवायचा. "भन हाय माझी. पोचवाय चाललोय."

शेवटी मी कोर्टात वकीलबाईंना गाठलं. हे ऐकून त्या आधी हसल्या, मग गुडघे चोळत उठल्या.

"मागनं चालायला बंदी न्हाय म्हंत्यात न्हवं? मग मी बी चालते."

पुढं मी, मागं तो, त्याच्या मागं बाई. करकर, करकर. तो पानपट्टीवर थांबला की बाई थांबायच्या. तो घरी गेला की बाई गल्लीच्या तोंडाला. आठवडाभरात तो रडकुंडीला येऊन चौकीत शिरला. "सायेब, ही बाई माझ्या मागं लागलीया!"

हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "अंगाला हात लावला का?"

बाई त्याच्यामागून चौकीतही गेल्या होत्या, म्हणून मला हे कळलं.

तो पुन्हा दिसला नाही. मी बी.ए. झाले. पेढे घेऊन गेले, तर बाई पाय पसरून बसलेल्या. "तुझं झालं गं. भाईर अजून चौघी बसल्यात. किती जणांच्या मागं फिरू? कलम पायजे."

कोल्हापुरात येईल त्या मंत्र्याला त्या विश्रामगृहावर गाठायच्या. मागून चालणं हाच गुन्हा लिहा, एवढंच मागणं. मंत्री "बघू, बाई" म्हणायचे. एकदा एका साहेबांनी विचारलं, "अहो बाई, मग लोकांनी रस्त्यानं चालायचं कसं?"

"तेच इचारायला आलेय," बाई म्हणाल्या.

वर्षं गेली, मंत्री बदलले, बाईंचे गुडघे पार गेले. बाई गेल्या तेव्हाही ते कलम आलेलं नव्हतं.

मी आता गारगोटीला शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर चालत घरी येते. मागं पावलं वाजली की अजून पाठ ताठ होते. मग मी त्या पावलांच्याही मागं कान देते.

करकर नसते.