मुगाचं कढण

चाकणच्या कंपनीत प्रेस मशीन चालवणाऱ्या बन्सीला स्वस्थ बसवेना. त्याची बायको सुभद्रा टायफॉइडमधून उठली होती, पण तोंडाला चव नाही म्हणून अन्नाला शिवत नव्हती, धड बोलतही नव्हती. त्यानं रजा टाकली, आईला फोन करून विचारलं आणि जन्मात पहिल्यांदा मुगाचं कढण गॅसवर ठेवलं. घडीघडीला झाकण उघडायचा, तिचं कपाळ चाचपायचा, पुन्हा गॅसपाशी यायचा. अखेर त्यानं वाटी तिच्या ओठांना लावली.

घोट घेताच सुभद्रानं तोंड वाकडं केलं. “मीठ घातलंच न्हाई व्हय?”

बन्सीचा जीव भांड्यात पडला. मिठासाठी तो सगळे डबे उघडत सुटला.

“वरच्या फळीवर हाय,” ती आतून ओरडली, “आन् आणखी वाटीभर आणा.”