तपासलेला पाला

फडकं सोडलं आन् माझा जीवच उडाला. पोरीचा घोटा लालबुंद, वर पाण्याचे फोड, आन् ती वरडतीय नुसती, दम खाईना. तशीच कडंवर घेऊन पळाले. दवाखान्यात न्हाई, आधी लॅबमधी. पायाला बांधलेला पाला तिथला व्हता ना.

बीडला एका कॉलेजच्या लॅबमधी मी काचंची भांडी धुते. मॅडम झाडपाल्याचा अर्क काढून तपासतात, सुजंवर चालतो का न्हाई ते. नळीत अंड्याचं पांढरं घालून तापवायच्या. नुसतं पांढरं दुधावानी व्हायचं, निरगुडीचा अर्क घातलेलं नितळ ऱ्हायचं. मला बोलवून दाखवायच्या, "बघ, सूज अशी अडवतो हा पाला." मला लई भारी वाटायचं.

म्हणून पोरीचा पाय मुरगळला तवा त्यांनाच मागितला. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी दिली. "ने सगळा. शेकून बांध."

सासू म्हणली, "परसातली निरगुडी काय नापास झाली व्हय?"

म्हणलं, आत्या, हा तपासलेला हाय. सांजच्याला बांधला, सकाळी सोडला तर हे असं.

मॅडमनी पाय बघितला आन् त्यांचं तोंडच उतरलं. "चौसाळ्याकडच्या रानातली पिशवी होती का ती? अगं, शेजारच्या कापसाची फवारणी त्या पाल्यावर उडालेली. म्हणून तर आम्ही तो तपासणीतून काढला."

"मग मला कावून दिला?"

"टाकायचाच होता. डोक्यातून गेलं गं."

नळीतल्या अंड्याला चालंना, ते माझ्या लेकराच्या अंगाला चाललं!

स्कूटीवर त्यांनीच दवाखान्यात नेलं. वाटंत म्हणल्या, "रानातला पाला म्हण. लॅबचं नाव काढू नको, तुझंच काम जाईल."

डॉक्टरांनी इचारलं, "काय बांधलं होतं? खरं सांगा बाई, इलाज त्यावर ठरेल." पोरगी माझा पदर ओढून रडती. मी घडाघडा समदं सांगितलं, फवारणी, लॅब, पिशवी. डॉक्टर मॅडमकडं वळले.

मॅडम म्हणल्या, "मी नाही दिला. हिनं कचऱ्यातून उचलला असेल."

कचऱ्यातून! सवताच्या हातानं गाठ मारून दिलती पिशवी.

पोरगी आता चालतीय, डाग ऱ्हायलाय. मला लॅबमधी परत कामाला कुणी बोलवलं न्हाई. तुमीच सांगा, लेकरू कडंवर आन् मॅडम समोर डोळे वटारून, तुमी काय केलं असतं?