योलेबाईंची किंकाळी

रोमच्या गार्बातेल्ला भागात योले बेर्नाबेईने जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. तिच्या वरच्या मजल्यावर दुइलियो नावाचा चित्रकार राहायचा. भुताखेतांच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट निघत, त्यांच्या खोक्यांवरची चित्रं तो काढायचा. योले बत्तीस वर्षांची असताना एका दुपारी त्याने जिन्यातून हाक मारली, “योले, वर ये गं. जरा घाबरून दाखव. चित्रासाठी फोटो काढायचाय.”

तिला हसूच आवरेना. शेवटी तो म्हणाला, “समज, तुझ्या नवऱ्याचा लग्नातला सदरा इस्त्रीखाली जळतोय.” त्यावर ती अशी किंचाळली, की तिचा नवरा एत्तोरे गालाला दाढीचा साबण तसाच घेऊन वर धावत आला!

पुढे दुइलियो गाव सोडून गेला, तिकडेच वारला. योलेने ते सिनेमे कधी पाहिले नाहीत.

एकाहत्तराव्या वर्षी तिची दाढ दुखायला लागली. दंतवैद्य ताद्देई म्हणाले, “आ करा.” तिने आ केला आणि डॉक्टरांचा हात जागीच थांबला. पुढचे दोन तिरके दात, डावीकडची ती फट.

“सिन्योरा, तुम्ही कधी किंचाळला होतात का?”

“चाळीस वर्षं संसार केलाय, डॉक्टर. कुठली किंकाळी विचारताय?”

शनिवारी त्यांनी तिला घरी बोलावलं. जुन्या कॅसेटची खोकी जमवायचा त्यांना नाद होता, त्यांची एक वेगळी खोलीच होती. चित्रांचे रंग उडू नयेत म्हणून त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. टेबलावर त्यांनी एकेक खोकं मांडलं. कुठे सोनेरी केसांची बाई किल्ल्याच्या पायरीवर, कुठे काळ्या केसांची थडग्यापाशी. केस निराळे, डोळे निराळे, पण तोंड योलेचं. अशी अकरा खोकी! अकरावं, जुनंच चित्र घेऊन अलीकडे नव्याने निघालेलं, जाड पुठ्ठ्याचं. त्यावर चेहरा उठावाचा होता.

“हात लावू?”

“तुम्ही नाही लावायचा तर कोणी? मी मात्र हात धुऊन लावतो.”

तिने खोक्यावरच्या स्वतःच्या गालावरून, हनुवटीवरून हलकेच बोट फिरवलं. मग गळ्यापाशी थबकली. “अरे देवा, कॉलर माझीच. ही घडी मीच पाडलेली. एवढं बघितलं होतं त्याने?”

मग हळूच म्हणाली, “शेवटी वाचते का हो ही?”

“ही सिनेमात नाहीच, सिन्योरा. एकातही नाही. दुइलियोंनी मनानेच काढलीय. लहानपणी मी अख्खा सिनेमा तुमची वाट बघत बसायचो. संपला की वाटायचं, आपलीच नजर चुकली. पुन्हा पहिल्यापासून लावायचो.”

योलेच्या अंगावर काटा आला. आपल्याला ठाऊकही नसताना कुणीतरी सिनेमाच्या पडद्यावर आपल्याला इतकं शोधत होतं!

घरी येऊन अंगातला कोटही न काढता तिने बहिणीला फोन लावला. “फिलोमेना, ऐक तर. अगं, मी घाबरले की काय सुंदर दिसायचे!”