प्रोटीन वाढलंय

नव्वदच्या आसपास मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत होते. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी थोरले काका, म्हणजे नाना, वाळत चालले होते आणि पोट मात्र पुढे येत होतं. गावानं कावीळ ठरवली, ती उतरवूनही झाली. शेवटी मीच भांडून त्यांना धुळ्याला आणलं.

सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली. डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांसमोर ते एवढंच म्हणाले, "रक्तात एक प्रोटीन बरंच वाढलंय." पुढचं मला दाराशी सांगितलं: कॅन्सर आहे, आणि ऑपरेशनची वेळ गेली आहे.

नानांची बायको, आमची अक्का, तिथेच खुलली. सुनांच्या बाळंतपणात गावातल्या नर्सबाईंनी तिचे कान किटवले होते: दाळ खाऊ घाला, अंगात प्रोटीन वाढलं पाहिजे. "मन्ही उडीदनी दाय लागू पडनी," ती स्टँडवर म्हणाली. नाना हसले. दोघांना काही सांगायचं नाही असं चुलतभावांनी ठरवून टाकलं. मला ते पटलं नव्हतं, पण घर त्यांचं होतं.

अक्कानं मग कंबर कसली. उडदाची दाळ, ज्वारीत उडीद दळलेल्या कळण्याची भाकरी, मधल्या वेळेला अंडं. नाना जेमतेम खात. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा प्रोटीन कितीतरी पटीनं वाढलेलं.

"वाढनं ना? मंग हाऊ माणूस उठत का नही?" अक्कानं मला विचारलं.

आता मात्र माझा संयम सुटला. तिला दवाखान्यातल्या बाकावर बसवून मी सगळं सांगितलं. आईच्या पोटात असताना बाळाचं यकृत हे प्रोटीन बनवतं, जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं. नानांच्या गाठीनं ते पुन्हा बनवायला घेतलंय. गाठ वाढतेय, म्हणून ते वाढतंय.

अक्कानं पदराचं टोक मुठीत धरलं.

"मंग वाढनारी मीच ना?"

मी म्हटलं, नाही, ताटातल्या दाळीचा याच्याशी काही संबंध नाही. पुनःपुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, माझे विद्यार्थी काही न कळता डोलावतात तशी. दुसऱ्या दिवसापासून घरात उडीद शिजणं बंद झालं आणि नानांना पेज मिळू लागली. मला तिची दया आली आणि तितकाच रागही आला.

रविवारी मी गावी गेले. दाळ का बंद, असं नानांनी विचारलं तेव्हा अक्का रडत रडत सगळं बोलून गेली, रोगाच्या नावासकट. नानांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "दाय कर."

तिनं केली. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "वाढ."

अन्नाच्या वासानंही त्यांना उमळून येई, हे मला ठाऊक होतं. त्यांनी भाकरी चुरली, कालवली आणि खाल्ली. "आखो वाढ," म्हणाले. अक्कानं पुन्हा वाढलं.

ती म्हशीला पाणी दाखवायला गेली तसं नानांनी मला घमेलं आणायची खूण केली. पोटातलं सगळं बाहेर आलं. तोंड पुसून ते म्हणाले, "तिले सांगू नको."

अक्का परत आली. "पचनी का?" तिनं दारातूनच विचारलं.

मी हो म्हणाले.