काचेपलीकडचं बाकडं

स्प्रिंगवाल्यांना उभ्या आयुष्यात फारसं कुणी नावानं हाक मारली नाही, आणि त्यांनीही कधी त्याचा बाऊ केला नाही. पेनातली, दाराची, गादीतली, जिथं म्हणून काही दाबलं की परत वर यायला हवं तिथली स्प्रिंग त्यांच्या कारखान्यातून गेलेली असायची. कारखाना आपला म्हणायला. एक लांबट शेड, तारेची भेंडोळी, कानठळ्या बसवणारी थोडी यंत्रं आणि दारापाशी वजनकाटा. काट्यामागं बायको बसायची. ती माल तोलायची, पुड्या बांधायची आणि नवऱ्यानं गिऱ्हाइकाला उधारी द्यायला तोंड उघडलं की नुसती खाकरायची. त्या खाकरण्यावर कारखाना तरला, असं स्प्रिंगवाले चारचौघांत कबूल करत.

ती गेली आणि त्यांचं कारखान्यात मन लागेना. यंत्रं तीच, माणसं तीच, पण कुणी उधारी मागितली की ते उगाच काट्याकडं बघत. त्यातच एका मोठ्या कंपनीला ती जागा हवी झाली. मुलगी लांबच्या शहरात हिशेबतपासनीस. तिनं कागद वाचले आणि म्हणाली, बाबा, विकून टाका. त्यांनी विकून टाकलं. कामगारांचं देणंघेणं चोख केलं, शेवटच्या दिवशी खिशात एक छोटी स्प्रिंग टाकली आणि घरी आले. घरी येऊन काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

आता बँकेची गोष्ट. स्प्रिंगवाले दर सोमवारी सकाळी बँकेत जात. चेक भरायचे, पगाराची रोकड काढायची, पासबुकावर नोंदी करून घ्यायच्या. लोक रांगेला कंटाळतात. स्प्रिंगवाल्यांना ती आवडायची, कारण रांगेत टेलरमास्तर असायचा. मास्तरचं शिवणकामाचं दुकान होतं आणि शनिवार-रविवारचा गल्ला भरायला तोही सोमवारीच यायचा. कधीतरी दोघं एका बाकड्यावर शेजारी बसले, आणि मग बसतच राहिले. त्यांचा एक रिवाज होता. जो आधी पोचेल त्यानं यंत्रातून दोन टोकनं काढायची, एक आपलं आणि एक दुसऱ्याचं. पहारेकरी सुरुवातीला हटकायचा, मग त्यानं नाद सोडला.

मास्तर त्यांना ‘स्प्रिंग्या’ म्हणायचा. साठी उलटलेल्या माणसाला स्प्रिंग्या म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. मास्तरचं म्हणणं असं, की स्प्रिंग्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर आहे, आणि खोटं बोलताना तो आणखी वर जातो. “मला मापाची पट्टी लागत नाही,” तो म्हणायचा. “तू थाप मार, मी खांदा बघतो.” यावर दोघं इतके हसायचे की खिडकीतली बाई चष्म्यावरून बघायची. बायको गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी मास्तर आधी पोचला. दोन टोकनं हातात धरून बसला आणि स्प्रिंगवाल्यांचा नंबर लागल्यावर त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत चालत आला, एवढंच.

गंमत अशी की एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं घर पाहिलं नव्हतं. फोन नंबर घ्यायचं कधी सुचलंच नाही. सोमवार होता, बाकडं होतं, मग नंबर कशाला? ही चूक बाकड्यावर दोस्ती करणाऱ्यांचीच. शेजारीपाजारी असते तर झाली नसती.

कारखान्याचे पैसे खात्यात आले आणि बँकेचं स्प्रिंगवाल्यांवरचं प्रेम उतू जायला लागलं. काल रांगेत उभा राहणारा माणूस आज ‘खास ग्राहक’ झाला. शाखेचे मोठे साहेब स्वतः बाहेर आले, हाताला धरून त्यांना आत घेऊन गेले. प्रायव्हेट बँकिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांच्यासाठी वेगळी सल्लागार, वेगळी खोली, मागच्या गल्लीतून वेगळं दार. थांबायचं नाही, टोकन नाही. वाटलं तर बँक घरी येईल. वर्षाला फी, पण ती काय, तुमच्यासारख्यांना किरकोळ.

स्प्रिंगवाले हुरळले, हे खोटं कशाला सांगा. जन्मभर तारेच्या भेंडोळ्यात हात काळे केलेल्या माणसाला मऊ खुर्चीत बसवून कुणी “सर, कॉफीत साखर किती?” असं विचारलं तर तोही हुरळणारच. त्या खोलीला एक मोठी काच होती, काळसर. तिच्यातून बाहेरचा हॉल दिसायचा, खिडक्या, रांग, बाकडं. बाहेर बाकड्यावर बसून त्यांनी ती काच अनेकदा पाहिली होती, तेव्हा तिच्यात फक्त आपलंच तोंड दिसायचं. म्हणजे आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही, असा त्यांचा समज.

पहिल्याच सोमवारी त्यांना काचेतून मास्तर दिसला. बाकड्यावर बसला होता, हातात टोकनच्या दोन चिठ्ठ्या, डोळे दाराकडं. जावं आणि सांगून यावं, असं त्यांच्या मनात आलं. पण समोर मोठे साहेब बसलेले, कुणा बड्या माणसाशी ओळख करून देत होते, आणि अशा वेळी उठून शिवणकामवाल्याकडं कसं जायचं? पुढच्या वेळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या सोमवारीही मास्तर दोन चिठ्ठ्या घेऊन बसला होता. त्याच्या पुढच्या सोमवारीही. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं. एकदा मास्तरनं मान वळवली आणि थेट काचेकडं पाहिलं. स्प्रिंगवाल्यांची नजर त्याच्या नजरेला भिडली, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी खुर्ची फिरवून काचेकडं पाठ केली. त्याला कुठं दिसतंय, असं स्वतःला सांगितलं. त्यानंतर ते सोमवारी जाणंच टाळू लागले, आणि बँक घरी येऊ लागली.

बँक घरी येत होती, पण दुसरं कुणी येत नव्हतं. सल्लागार बाई महिन्यातून एकदा यायच्या. हुशार, नीटनेटक्या, बोलायला गोड. त्या यायच्या त्या दिवशी स्प्रिंगवाले सकाळपासून दिवाणखाना आवरत, दोन कप धुऊन ठेवत. फंड, व्याज, जोखीम असं बोलणं व्हायचं. मग ते हळूच विषय वळवत. बायको पुड्या कशी बांधायची, ते सांगत. बाई ऐकून घेत, पण अधूनमधून त्यांची नजर घड्याळाकडं जाई, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष? त्यांना अशी कितीतरी घरं होती. वाढदिवसाला बँकेनं केक पाठवला, वर साखरेच्या अक्षरांत शुभेच्छा. एवढा मोठा केक एकट्यानं कापायचा कसा? स्प्रिंगवाल्यांनी तो तसाच इमारतीच्या पहारेकऱ्याला दिला आणि रात्री दूध पिऊन झोपले. विमानतळावरच्या आरामखोलीचं कार्ड आलं होतं, ते फडताळात पडलं. जायचं कुठं होतं?

मग मुलगी चार दिवस राहायला आली. आल्या आल्या तिनं कागद मांडले, चष्मा लावला आणि आईसारखीच खाकरली. स्प्रिंगवाले चटकन सरळ बसले. तिचं म्हणणं सरळ होतं. फी भरायची ती भरायची, वर फंडातही बँकेचा वाटा, आणि हातात उरतं ते साध्या मुदतठेवीइतकंच, कधी त्याहून कमी. तिनं हेही मान्य केलं, की ज्याचे धंदे दहा ठिकाणी पसरलेत, ज्याच्या वारसांत भांडणं आहेत, कर्जं मोठी आहेत, त्याला अशी माणसं हाताशी असणं परवडतं. तिच्या कंपनीच्या मालकांकडं आहेत, आणि ते ती फी वसूलही करतात.

“पण बाबा, तुमचा सगळा संसार एका फडताळात मावतो. तुम्ही पैसे कशाचे देताय?”

स्प्रिंगवाल्यांनी कागद गोळा करायला घेतले. मी महिन्यातून एकदा दोन कप धुतो त्याचे देतो, असं पोटच्या पोरीला सांगायचं कसं? ती अपराधी झाली असती, दर आठवड्याला येईन म्हणाली असती, आणि ते तिला जमलं नसतं.

पुढच्या भेटीत त्यांनी सल्लागार बाईंनाच विचारलं. माझ्या जागी तुमचे वडील असते तर? बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “वडिलांना मी साधं खातं ठेवायला सांगितलं असतं, सर. आमची सेवा वाईट नाही. तुम्हाला हवं ते तिच्यात नाही.” अशी कबुली देऊन त्यांनी आपलंच नुकसान केलं, हे स्प्रिंगवाल्यांना कळलं. त्यांना त्या बाईंबद्दल फार माया वाटली. खास सेवा बंद करण्याचा अर्ज इथंच सही करून देता येईल, असं बाई म्हणाल्या. स्प्रिंगवाले म्हणाले, नको. सोमवारी येतो आणि खिडकीवर देतो.

त्या रविवारी त्यांना झोप लागली नाही. फायदा-तोटा गेला खड्ड्यात. मास्तरशेजारी पुन्हा बसता येईल का, एवढाच प्रश्न होता. काय बोलायचं ते त्यांनी मनात घोळवून ठेवलं. जुना शर्ट काढला, मास्तरनं एकदा ज्याच्या बाहीला नावं ठेवली होती तोच. सोमवारी मास्तरच्या वेळेच्या बरंच आधी ते बँकेच्या पायरीवर होते. आत जाऊन त्यांनी यंत्रातून दोन टोकनं काढली, सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस, आणि बाकड्यावर आपल्या जागी बसले. खिशातली स्प्रिंग बोटांनी दाबत राहिले.

मोठ्या साहेबांनी त्यांना पाहिलंच. धावत आले, सर, तुम्ही इथं, आत चला, असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या आदरानं म्हणाले. स्प्रिंगवाल्यांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. बाकड्याच्या टोकाला बसलेली बाई मात्र उगाचच थोडी सरकून बसली.

मास्तर आला. वाळला होता, चालीत किंचित लंगडत होता. तो दारातून आला तेव्हा स्प्रिंगवाल्यांनी हात वर केला, दोन्ही चिठ्ठ्या दिसतील असा. मास्तरनं पाहिलं, मान हलवली, आणि आधी यंत्राकडं गेला. मग येऊन बाकड्यावर बसला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.

“घे,” स्प्रिंगवाले म्हणाले. “तुझं काढून ठेवलंय.”

“नको, माझं मी काढलंय,” मास्तर म्हणाला. “तुम्ही कसे आहात, शेठ?”

त्याच्या चिठ्ठीवर त्रेसष्ट आकडा होता. म्हणजे अठ्ठेचाळीसवर खिडकी गाठायची सोडून तो तेवढा जास्त वेळ थांबणार होता. स्प्रिंगवाल्यांना घोळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. कामं खूप होती, सोमवारी यायला जमलंच नाही, वेळच मिळाला नाही, असं काहीबाही त्यांच्या तोंडून गेलं. मास्तरनं त्यांच्या डाव्या खांद्याकडं पाहिलं. हसला नाही.

“त्या खोलीत दिवा लावला की काचेतून सगळं दिसतं,” तो शांतपणे म्हणाला. “खुर्ची फिरवली ते पण दिसलं.”

मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि जग उघड्या डोळ्यांनी बघत असतं. हे स्प्रिंगवाल्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांचे कान तापले. चुकलो, असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ते म्हणालेही, पण त्याच वेळी सत्तेचाळीस पुकारला गेला, आणि मास्तरनं ते ऐकलं की नाही हे कळलं नाही. तो म्हणाला, “जा, तुमचा नंबर आला.” पूर्वी तो बरोबर उठायचा.

स्प्रिंगवाले एकटे खिडकीपर्यंत गेले. अर्ज दिला. खिडकीतल्या बाईनं तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाली, आजपासून तुमचं खातं सर्वसाधारण झालं, यापुढं तुम्हाला रांगेत थांबावं लागेल. ते म्हणाले, हो, चालेल. त्यांना याहून जास्त काही मागायचंच नव्हतं.

बाईनं बटण दाबलं. अठ्ठेचाळीस. कुणी उठलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. स्प्रिंगवाल्यांनी वळून पाहिलं. मास्तर आपली त्रेसष्टची चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून बोटानं सरळ करत होता, कापडाची घडी बसवावी तशी.

“अठ्ठेचाळीस कोण आहे?” बाईनं विचारलं.

“आमचा माणूस आहे,” स्प्रिंगवाले म्हणाले. “जरा थांबता का?”

थांबता येत नाही, असं म्हणून बाईनं एकोणपन्नास पुकारला.