मध्यंतरानंतर येतो

बॅटरीकाकांच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती भिंगरी लावली थिएटरानं. अंधारात बॅटरी मारून उशिरा आलेल्यांना त्यांच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, हे काकांचं काम. त्यावरूनच नाव पडलं. खरं नाव आता घरच्यांनाही आठवावं लागायचं.

थिएटर बंद पडलं तेव्हा खुर्च्या उपटल्या, उतरती जमीन भरून सपाट केली आणि तिथं धान्याचं गोदाम झालं. काका रखवालदार म्हणून राहिले. मग गोदाम गेलं आणि सोफे, पलंग, काचेची कपाटं आली. काका तिथंच. नव्या मालकाला इमारतीबरोबर काकाही मिळायचे, भिंतीतल्या खिळ्यासारखे.

एक खोड मात्र जाईना. दुकानाच्या मधोमध आले की काका पार कमरेत वाकायचे आणि पलीकडे जाऊन ताठ व्हायचे. पूर्वी पडद्याकडे जाणारा प्रोजेक्टरचा झोत तिथूनच जायचा. मध्ये डोकं आलं की अख्खं थिएटर शिट्ट्या मारायचं. झोत जाऊन जमाना लोटला, पण जित्याची खोड! सोफा बघायला आलेली माणसं दचकून वर बघायची, डोक्यावर काही पडतंय की काय म्हणून.

मालकीण वयानं लहान, मनानं वाईट नव्हती. तिनं दाराशी खुर्ची मांडली.

"काका, इथं बसायचं. गिऱ्हाइकांच्या मागेमागे फिरायचं नाही."

"फिरत कुठं? जागा दाखवतो."

"सोफ्यावर बसायला जागा कशाला दाखवायची? बसणं जमत नसेल तर घरी आराम करा. आता शेवटचं सांगतेय."

घरी! या इमारतीबाहेर आपण कुणाच्या काय कामाचे, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ते बसले. लगेच गुडघा हलायला लागला. उठले, दार पुसलं, बसले. पुन्हा उठले, पुसलेलंच दार पुसलं.

"बसायचा पगार मिळतोय तर बसा की," बायको जेवताना म्हणाली.

"नुसतं बसून माणूस करतो काय?"

"मला विचारा ना. तुमच्या थिएटरात जन्मभर बसले मी. शेजारी तुमचा रुमाल घेऊन."

नवा पिक्चर लागला की ती यायची. काका तिला कडेची खुर्ची द्यायचे, शेजारच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "मध्यंतरानंतर येतो." एकदाही गेले नाहीत. कुणी ना कुणी उशिरा यायचंच. ती रुमालाची घडी करून घरी आणायची आणि ताटावर बसल्या बसल्या शेवट सांगायची. काकांना सगळे पिक्चर तेवढेच ठाऊक.

एका दुपारी दुकान भरलेलं असताना वीज गेली. थिएटरच ते, खिडकी औषधालाही नाही. भरदुपारी मिट्ट काळोख. कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि काका ताडकन उठले. किती वर्षांनी कुणाला तरी त्यांची गरज होती! बॅटरी खिशात असायचीच.

"या, माझ्या मागून या," आवाज आपोआप हलका झाला. "पायरी आहे, सांभाळून."

बॅटरीवाला उजेड मागच्यांच्या पायांशी धरतो, स्वतः तो अंधारातच चालतो. माणसं विश्वासानं मागे निघाली. पायरी मात्र केव्हाच बुजवली होती, काकांच्या डोळ्यांदेखत. पण पाय अजून जुन्याच थिएटरात चालत होते. नसलेली पायरी उतरताना त्यांचा तोल गेला आणि ते काचेच्या कपाटावर आदळले.

वीज आली तेव्हा जमिनीवर काचाच काचा होत्या. दुसऱ्या कुणाला लागलं नव्हतं, काकांचा हात कापला होता. मालकीण चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हाताला पट्टी बांधली आणि हळूच म्हणाली, "आता पुरे, काका. काकूंना बोलावून घेते."

बायको आली. थिएटर बंद पडल्यापासून ती आत पाऊल टाकत नव्हती. तिनं आधी हात बघितला, मग चहूकडे नजर फिरवली आणि सरळ एका सोफ्यावर जाऊन बसली. तिची खुर्ची बरोबर तिथं असायची.

"या," ती म्हणाली.

"अगं, विकायचा आहे तो."

"बसू द्या त्यांना," मालकीण काचा गोळा करता करता म्हणाली.

काका बसले. समोर कोरी भिंत होती. आयुष्यात पहिल्यांदा ते इथं तिच्या शेजारी बसले होते.

"इथून असं दिसायचं होय?"

"असंच. शेजारी रुमाल."

तेवढ्यात दार उघडलं. उन्हातून आलेला एक माणूस डोळे बारीक करत दाराशीच थबकला. काकांचा हात खिशाकडे गेला. ते अर्धे उठलेच.

"सापडेल हो त्याची त्याला वाट," बायको म्हणाली. "मध्यंतर झालंय केव्हाच."

काका खाली बसले. गुडघा हलतच होता. तिनं त्यावर हात ठेवला आणि तो माणूस चाचपडत त्यांच्यासमोरून पुढे जाईपर्यंत काढला नाही.